कॉलनीतली मोकळी जागा

लातुरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत फुलं म्हणाल तर कण्हेर, आणि आपल्या हिमतीवर जगलेली सदाफुली. हिरवळ पावसाच्या मर्जीवर. लेआउट पाडताना नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागली, म्हणून हा तुकडा वाचला. नाहीतर इथंही कुणाचं तरी दुमजली उभं राहिलं असतं.

मार्च-एप्रिलात सकाळी आत पाय ठेवायला जागा नसते. लिंबाची सावली सोडून जुनी लुगडी अंथरलेली, कोपऱ्यांवर विटा, आणि वर पांढऱ्याशुभ्र कुरडया. राखणीला बसवलेलं पोरगं कावळ्यांपेक्षा जास्त खातं.

ऊन उतरलं की लेकरं येतात, त्यांच्यामागं आज्या. ओपन जीम बसवली तेव्हा ती तरुणांसाठी, असं भाषणात सांगितलं होतं. तरुण गाडीवर बसून मोबाइल बघतात. मशीनवर असतात आमच्या मावशी. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी दांडे धरलेले, पाय हवेत मागं-पुढं, आणि तोंडानं सुनेची कागाळी चालू. मशीन कुरकुरतं, मावशी थांबत नाहीत.

पण ही जागा नुसती फिरण्यापुरती कधीच नव्हती. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाहून येऊन माणसं नुकतीच आडवी झाली होती. पुढं कित्येक रात्री धडधाकट घर असूनही छताखाली झोपायला कुणी धजेना. कॉलनीनं गाद्या इथंच आणून टाकल्या. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टँकरची वाट बघत घागरींची रांग याच कुंपणाला लागून असायची.

आता सभामंडपाची टूम निघालीय. निधी येईल म्हणे, बारशी-डोहाळजेवणांची सोय होईल. मला विचाराल तर नको. मंडप आला की कुलूप आलं, कुलूप आलं की किल्ली कुणाकडं हा तंटा आला. बाकी आपल्याकडं मोकळी जागा दिसली की काहीतरी बांधल्याशिवाय चैन पडत नाही, हे खरंच.

परवा बागेतच मीटिंग झाली. मी हे बोललो, तर एक गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्हाला विकास नको का?"

मावशी मशीनवरूनच ओरडल्या, "आधी त्या कोपऱ्यातल्या नळाला पाणी आणा की! मग बघू मंडपाचं."