धुरी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि रीतीप्रमाणे मी पुण्याहून चंद्रपूरला माहेरी आले. निघताना सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "माहेरची हवा लागली की अंग धरेल." मला हसू आलं, त्यांना नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढं ठरलेलं असतं. माहेर कुठलं ते कुणी विचारत नाही.

आमच्या माहेरच्या हवेची सरकारदरबारी नोंद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज, सिमेंट, आणि वर घरोघरच्या सिगड्या. दोरीवरचे कपडे आत आणताना झटकायचे, हे आमच्याकडे चप्पल काढून घरात यावं इतकं सवयीचं आहे.

पोटुशीला काय काय करू नको म्हणून सांगतात, त्याची यादी मोठी. पपई खाऊ नको, ग्रहणात सुरी धरू नको, केस मोकळे सोडून फिरू नको. हवेचं कुणी नाव काढत नाही. एकच नियम चुकून बरोबर लागतो, तो म्हणजे "तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको". आई हे दृष्ट लागेल म्हणून सांगायची. पण थंडीत आमच्या गल्लीत पाच-साडेपाचला सिगड्या बाहेर निघतात. खाली गोवरीचा तुकडा, वर दगडी कोळसा. पिवळट, जाड धूर निघतो आणि वर जायचं नावच घेत नाही. गार हवेत कमरेच्या उंचीवर पसरून राहतो. कोळसा लाल झाला, धूर सरला की सिगडी उचलून आत न्यायची. धूर दिसत नाही म्हणजे संपलं असं सगळ्यांना वाटतं. त्या लाल निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो आईच्या रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि पोटातल्या बाळाच्या रक्ताला तर आणखी घट्ट चिकटतो.

मुलगी झाली ती ३६ आठवडे ५ दिवसांची, वजन २ किलो २८० ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आत म्हणजे अपुऱ्या दिवसांची, अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाची. दोन्ही रेषा थोडक्यात हुकल्या. मी डॉक्टरबाईंना विचारलं, हवेमुळे का? त्या म्हणाल्या, "एका बाळाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. तुझं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं, ते विसरू नकोस."

तरी रात्री दर दोन तासांनी पाजताना एका हातात मोबाइल असायचाच, हवा आणि बाळं यांवरचे अभ्यास वाचायला. २००८ च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये कारखाने आणि गाड्या आवरल्या होत्या. त्या दिवसांत ज्यांना आठवा महिना होता, त्यांची बाळं आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅम जास्त भरली. तेवीस ग्रॅम म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. पण सरासरी एवढी हलली याचा अर्थ काठावरची कितीतरी बाळं रेषेच्या पलीकडे गेली. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्वेनियात टोलनाक्यांवर आपल्या फास्टॅगसारखी सोय आली, गाड्यांच्या रांगा गेल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी घटली. आणि बेल्जियममध्ये २०१९ साली तपासलेल्या प्रत्येक वारेत (प्लॅसेंटात), बाळाकडच्या बाजूला, काजळीचे कण सापडले. वार म्हणजे गाळणी, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं.

यातलं काही आईला सांगायच्या आधीच धुरीचा दिवस उजाडला.

आईने पितळी धुपाटणं घासून ठेवलं होतं. गोवरीचा निखारा, त्यावर ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणीची सालं, चिमूटभर ऊद. अंघोळ झाली की बाळाला फडक्यात गुंडाळून त्या धुरावर धरायचं, सर्दी जवळ येत नाही म्हणून. खोलीची खिडकी लावलेली, कारण बाळंतिणीला वारा चालत नाही. मला तो वास मनापासून आवडतो. बाळंतिणीच्या खोलीचा वास म्हणजे तोच. पण नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतं, आपल्या दुपटी-तिपटीहून जास्त. आणि फुप्फुसातले बरेचसे वायुकोश तर जन्मानंतर तयार होतात. मी बाळ दिलंच नाही.

"काहून? तुले दिली, तुह्या भावाले दिली. मेले का तुम्ही?"

"दादाच्या खिशात अजून पंप असतो," मी म्हणाले.

आई गप्प झाली. धुपाटणं उचलून मागच्या अंगणात गेली, आणि रात्रीपर्यंत कामापुरतंच बोलली.

हे वाक्य मी बोलायला नको होतं. दादाचा दमा धुरीने झाला हे मला कुठे माहीत आहे? सिगडीने असेल, रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रकांनी असेल, आजोबांकडून आला असेल. डॉक्टरबाई माझ्या लेकीबद्दल जे बोलायला तयार नव्हत्या, ते मी आईच्या लेकाबद्दल ठोकून दिलं होतं. आकडे जगाबद्दल असतात, आणि आपण ते घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात मारतो.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत मिळून तीन हजारांवर गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना चुलीऐवजी गॅस दिला. त्यांच्या श्वासातला धूर खूप घटला, तरी बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे आईच्या बाजूनेही पुरावा होता. मी तो लपवला, कारण धुपाटणं परत आत आलेलं मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आईने ओवा तव्यावर कोरडाच भाजला, मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि पाळण्याच्या दांडीला लटकवली. वास येतो, धूर नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही. खिडकी मात्र अजून बंदच असते. त्या भांडणाला मी अजून हात घातलेला नाही.

परवा संध्याकाळी आई तीच खिडकी किलकिली करून उभी होती. समोरच्या घरची सून, पाचवा महिना चालू, उकिडवी बसून सुपाने सिगडीला वारा घालत होती. आई म्हणाली, "सरक पोरी तिथून. तुह्या सासूले सांग पेटवाले."

सून हसली. "त्यायचे गुडघे दुखतात, काकू."

"मंग मी येतो," आई म्हणाली, आणि पदर नाकाशी धरून खरंच गेली.