अपडेट 6: ह्वांगहोचा काठ फुटला

चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या थडग्याच्या माझ्या मॉडेलमधल्या ज्या नदीवर गेल्या वेळी फोटो टाकून भाव खाल्ला, ती परवा फुटली.

थडग्यात पाऱ्याच्या नद्या आणि समुद्र होते म्हणतात, पण खरा पारा वापरायचा नाही हे आपलं ठरलेलंच आहे. गॅलियम सुचवणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. 30 अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे पुण्याच्या एप्रिलमध्ये आपोआप पातळ. 50 ग्रॅम ओतलं, ह्वांगहो आणि यांगत्से दोन्ही लखलखल्या. मी खुशीत एसी लावून झोपलो. गॅलियम थिजताना पाण्यासारखं फुगतं, हे सकाळी कळलं. प्लॅस्टरचा काठ उभा चिरला होता. पुट्टी भरेपर्यंत दुपार झाली, ते पुन्हा वितळलं आणि चिरेतून खाली गेलं. खाली अ‍ॅल्युमिनियमची जाळी. हो, तीच, अपडेट 4 मध्ये जिचे गोडवे गायले होते. कापलेल्या कडांमधून गॅलियम आत मुरलं आणि तिसऱ्या दिवशी बोट लावताच जाळीचा खारीसारखा भुगा झाला. समुद्र टेबलावर.

शिवाय ते पाऱ्यासारखं वागतही नाही. लहानपणी थर्मामीटर फुटला की फरशीवर मणी पळायचे, आठवतं? हे जिथे टेकेल तिथे राखाडी डाग धरून बसतं. विक्रेत्याने पाठवलेली सिरिंज तर पहिल्याच दिवशी आतून माखली.

चिडून जुना चिनी इतिहासकार सिमा छ्येन याचं थडग्याचं वर्णन पुन्हा वाचलं. छिन शी ह्वांगनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेलं, तेव्हा मीठमसाला असणारच. पण 1980 च्या दशकात थडग्याच्या टेकाडावरच्या मातीत पारा आजूबाजूपेक्षा बराच जास्त निघाला, म्हणून नदी मी सोडत नाही. आणि तो म्हणतो, यंत्रं लावून पारा वाहता ठेवला होता. म्हणजे माझी थिजलेली नदी मुळातच चूक!

छत मात्र जमलं. तो वर आकाश होतं म्हणतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरची भोकं आणि फायबर ऑप्टिक. चिनी नकाशातला 'उत्तरेचा पळा' म्हणजे आपलेच सप्तर्षी, त्यामुळे तो पाठच होता. दिवा लावला तेव्हा घरच्यांनीही मान वर केली.

आता नदीसाठी रेझिनवर क्रोम पावडर, असं लिहायला बसलो होतो. पण हे लिहिता लिहिता गणपतीतला हलता देखावा आठवला. शंकराच्या जटेतून गंगा कशी पडते? पीळ दिलेली पारदर्शक कांडी नुसती जागच्या जागी फिरते! तीच आडवी टाकायची, खाली चंदेरी फिल्म. रेझिन रद्द. शनिवारी तपकीर गल्लीत मोटर बघतो, 10 आरपीएमच्या वर नको. कुणी वापरली असेल तर आवाज किती येतो ते सांगा.

जाळी सुकी होईपर्यंत... नाही, जाळीच उरली नाही. तोवर शाछ्यूहून परतणारा ताफा करतो. इ.स.पू. 210, सम्राट तिथे दौऱ्यावर मेलेला, बातमी दाबलेली, प्रेताचा वास लपवायला गाड्यांत खारवलेली मासळी. 1:72 मध्ये मासळी म्हणून तीळ चालतायत. पॉलिश केलेले नकोत, साधे गावठी घ्या, रंग धरतात.