उन्हाने नाही, काचेने

प्लास्टिकचं गवत बसवून झाल्यावर लोकांचे फोन येतात ते बहुतेक ठरलेल्या तक्रारींचे: जोड दिसतोय, पाणी तुंबतंय, कुत्र्याच्या मुताचा वास जात नाही. या काकूंचा फोन वेगळाच होता. "अहो, गवत जळलंय. आणि डाग रोज थोडा सरकतोय!"

जाऊन पाहिलं तर लॉनच्या मधोमध वीतभर रुंदीचा तिरका पट्टा. पाती काळी पडलेली नव्हती. आखडून, एकमेकींत गुंतून बसली होती; टोकं कडक आणि चकचकीत. सिगारेट पडली की ठिपका पडतो, तापलेली शेगडी ठेवली की तिच्या बुडाचा डाग उमटतो. इथे दोन्ही नव्हतं. कड उचलून खालून पाहिलं, तर मागचं कापड शाबूत, टाके शाबूत. म्हणजे आच वरून आली होती.

माल पुरवणाऱ्याने नुसते फोटो पाहून काकूंना कळवून टाकलं होतं, "बसवणाऱ्याची चूक." जागेवर न येता असा निकाल देणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते. त्या अंगणातली शंभर मिलिमीटर माती आम्ही काढली होती, खडी थराथराने दाबली होती, वर बारीक कच पसरून पाणी वाहून जाईल असा उतार दिला होता. नुसत्या मातीवर गवत अंथरून मोकळे होणारे या धंद्यात ढिगाने आहेत, पहिल्याच पावसात त्यांचं काम उघडं पडतं. आणि जोड! दोन्ही रोलच्या कडेच्या टाक्यांच्या दोन-तीन ओळी कापून टाकायच्या, पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवायचा आणि मधली फट टाक्यांच्या दोन ओळींतल्या अंतराएवढीच राखायची. त्याहून कमी राहिली तर उंचवटा येतो, जास्त झाली तर रेघ दिसते. काकूंच्या अंगणातला जोड मलाही हाताने चाचपून शोधावा लागला.

म्हणून दुपारपर्यंत तिथेच थांबलो. ऊन कलायला लागलं तसा गवतावर उजेडाचा एक झगझगीत पट्टा उतरला आणि हळूहळू पुढे सरकायला लागला. मान वर केली तर शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्याला नव्या दुहेरी काचेच्या खिडक्या. तापमापक रोखला. बाजूच्या गवतावर ५८ अंश, पट्ट्यात नव्वदच्या पुढे. आमची पाती पॉलिथिलीनची. पूर्ण वितळायला शंभराच्या वर जावं लागतं, पण त्याआधीच ती मऊ होऊन आखडतात.

या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो ऊन बाहेर परतवतो. दोन काचांमधल्या बंद हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की काच किंचित आत ओढली जाते आणि अंतर्गोल आरशासारखं ऊन एका जागी गोळा करते. सूर्याची वाट दिवसागणिक बदलते, तसा डागही सरकतो. खरं गवत पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकला ती सोय नाही.

शेजारी भले गृहस्थ, पण ठाम. "माझ्या घराला कुठली काच लावायची ते तुमचं गवत ठरवणार का?" यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांची खिडकी नियमाला धरून आहे, वीज वाचवते. काकूंचं गवत त्यांच्याच हद्दीत आहे. माझं काम चोख आहे. वॉरंटीच्या कागदात मात्र परावर्तित उन्हाने झालेलं नुकसान आधीच वगळून ठेवलंय. हे वाक्य विकताना कुणी वाचून दाखवत नाही, आणि माझ्या मते ही सरळसरळ लबाडी आहे.

उपाय महाग नाही. त्या खिडकीला बाहेरून बारीक जाळी लावली की किरण फुटतात. आतून पडदा लावून काही होत नाही, कारण ऊन परततं ते काचेवरूनच. शेजारी "बघू" म्हणालेत. तोवर काकूंनी त्या वेळेपुरती मोठी छत्री उघडून ठेवायची असं ठरलंय.

त्याच रोलचा उरलेला तुकडा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. काकू म्हणतात, लावून टाका. जाळी बसेपर्यंत मी तो लावणार नाही, तोही असाच आखडेल. आता नव्या कामाचं माप घ्यायला गेलो की आधी आजूबाजूच्या खिडक्या बघतो, गिऱ्हाइकाला लेखी कळवतो. पण शेजारी उद्या काचा बदलणार असेल, तर ते मला आज कसं दिसावं?