मानेसाठी पोटावर हात: आमची वाटचाल

विदर्भातल्या वरूडला आमचं फिजिओथेरपी केंद्र सुरू केलं तेव्हा दोन टेबलं, एक ट्रॅक्शनचं (मणक्याला ताण द्यायचं) मशीन आणि भिंतीवर मणक्याचा तक्ता, एवढंच भांडवल होतं. पेशंटची वाट फार पाहावी लागली नाही. या पट्ट्यात मान दुखायला निमित्तं कमी नाहीत. पाठीवर सोळा लिटरचा पंप, डोक्यावर संत्र्याचे क्रेट, वेचणीत दिवसभर खाली घातलेली मान, आणि आता संध्याकाळी मोबाइल.

शेक, व्यायाम, पंपाचे पट्टे नीट बांधायला शिकवणं, यावर बहुतेकांचं भागायचं. काही मात्र फिरून यायचे. त्यांच्याशी बोलत बसलं की मानेच्या जोडीला दुसरी तक्रार निघायची: जेवल्यावर पोट गच्च, ढेकरा, जळजळ. त्याच सुमारास नागपूरच्या एका कार्यशाळेत पोटातल्या अवयवांवर हाताने करायचे उपचार शिकायला मिळाले. जाँ-पिएर बराल या फ्रेंच ऑस्टिओपॅथने, म्हणजे शरीर हाताने हाताळून उपचार करणाऱ्याने, रूढ केलेली ही पद्धत.

यातलं शरीरशास्त्र पक्कं आहे. छाती आणि पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, ज्या फ्रेनिक नसेवर चालतो, ती मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांपासून बनते. यकृत त्याच पडद्याला खालून बांधलेलं असतं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवतं ते या वाटेनेच. पण म्हणून पोट हाताळलं की मान सुटेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. ब्राझीलमध्ये 2018 साली जुनाट मानदुखी आणि अपचन दोन्ही असलेल्या 28 जणांवर अभ्यास झाला, त्यात काही फायदा दिसला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी या पद्धतीवरचे अभ्यास एकत्र तपासले, तर भरवशाचा पुरावा सापडला नाही. म्हणून आमच्याकडे मानेचे व्यायाम आधी, पोटाचं काम फक्त जोडीला, आणि तेही पोटाची तक्रार असेल तरच. ज्याचं पोट ठणठणीत, त्याच्या पोटाला हात लावायचं कारणच नाही.

सुरुवातीला लोक बिचकले. "मान दुखून राह्यली अन् तुम्ही पोट काहून चेपता?" असं एका काकांनी तोंडावर विचारलं. आजीबाईंना मात्र काही समजावावं लागलं नाही. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं त्यांच्या सवयीचं. उलट त्यांना सांगावं लागतं की इथे जोर लावून चोळायचं नाही. गुडघे वर घेऊन निजायचं, बरगड्यांखाली हात हलकाच राहतो, श्वासाबरोबर वरखाली होतो. "एवढंच?" म्हणून त्या जरा नाराज होतात.

खरी कसोटी नाही म्हणण्यात असते. गरोदर बाई, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांना हा उपचार नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे आणि त्यात, विशेषतः मुलांची, डाव्या बाजूची पानथरी (प्लीहा) वाढलेली असू शकते. म्हणून रक्ततपासणीचं विचारल्याशिवाय डाव्या बरगडीखाली बोट लागत नाही. तेलकट खाल्लं की उजवा खांदा धरणाऱ्या एका ताईंना आम्ही टेबलावर न घेता आधी सोनोग्राफीला पाठवलं. पित्ताचे खडे निघाले. मान आणि डावा हात दुखतो, घाम फुटतो म्हणणाऱ्याला तर बसवूनही ठेवत नाही, थेट दवाखान्यात. अशी परत पाठवलेली माणसंच पुढे गावात आमचं नाव सांगत फिरली; जाहिरातीला आम्ही फारसा पैसा घातलेला नाही.

पोटाच्या कामासाठी स्त्री थेरपिस्ट हवी, हे पहिल्या हंगामातच लक्षात आलं. आता आमच्याकडे एक ताई आहेत, पडद्याआड वेगळं टेबल आहे आणि सासू किंवा नणंद सोबत बसू शकते. वेचणीच्या दिवसांत केंद्र रात्री आठपर्यंत उघडं असतं, कारण मजुरी बुडवून कोणी येत नाही. फी मानेची एकच. पोटाचं वेगळं बिल नाही आणि आगाऊ पैसे घेऊन दहा-दहा बैठकांचं पॅकेजही नाही. तीन-चार बैठकांत फरक पडला नाही तर पोटाचं काम थांबवतो आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी देतो.