तारेबद्दल सगळे विचारतात

"बिचाऱ्याला त्रास होत नसेल का हो?"

गच्चीत माझे बोन्साय बघायला आलेला माणूस पाच मिनिटांत इथे पोहोचतोच. आधी "किती गोड!", मग "किती वर्षांचं?", आणि मग वडाच्या फांदीवरच्या तारेकडे बोट दाखवून, आवाज जरा खाली आणून, हा प्रश्न. परवा तुम्हीही विचारलंत आणि मी विषय बदलला. राग तुमचा नव्हता. एकच उत्तर देऊन देऊन ते मलाच पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या उत्तरावर माझाच विश्वास उरलेला नाही. म्हणून एकदा बसून लिहिते.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. आम्ही झाडाला उपाशी ठेवून लहान करत नाही. उथळ ट्रेमधली माती भरड, निचऱ्याची असते, खत पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणून वाढीच्या दिवसांत त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त वेळा खत द्यावं लागतं. लहान राहतं ते शेंडे खुडल्यामुळे आणि दर दोन-तीन वर्षांनी रिपॉटिंग करताना, म्हणजे माती बदलताना, मुळं छाटल्यामुळे. जाड मुळं जातात, बारीक तंतुमुळं ठेवायची, कारण पाणी तीच ओढतात. आणि ही काही खुजी जात नव्हे. हाच वड जमिनीत लावा, तुमची भिंत फोडेल.

आता तार, फांदीला वळण देण्यासाठीची. ॲल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, ४५ अंशांच्या तिरकस वेटोळ्यांनी गुंडाळलेली. वाकवताना तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला हवी, नाहीतर साल तिथेच उलते. दोन्ही अंगठे आतून टेकवून, थोडं थोडं, कान फांदीकडे ठेवून वाकवायचं. बारीकसा कर्र आवाज आला की थांबायचं. वडाची फांदी वाढीच्या दिवसांत महिना-दीड महिन्यातच जाड होऊन तारेच्या वेटोळ्यांत मावेनाशी होते, मग तार रुतायच्या आत काढायची, तीही न उलगडता पक्कडीने तुकडे करून. उलगडायला गेलं की कोवळे डोळे मोडतात. हे सगळं करणाऱ्या माणसाला "क्रूर" म्हणताना जरा विचार करा, एवढंच माझं म्हणणं असतं.

मग समोरून जगदीशचंद्र बोस येतात. त्यांनी झाडांना संवेदना असतात हे सिद्ध केलंय ना? बोस यांनी झाड उत्तेजनाला प्रतिसाद देतं हे यंत्रं लावून मोजून दाखवलं. मुळं छाटली की झाड प्रतिसाद देतंच, महिन्याभरात नवी मुळं फोडून. पण प्रतिसादालाच दुखणं म्हणायचं, तर दर आठवड्याला लॉन कापणाऱ्याला कोणी काही विचारत का नाही? हे बोलताना माझा आवाज चढतो. तो का चढतो हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

त्या काळात माझं हुकमी उत्तर होतं यामाकी पाईन. १६२५ पासून कुंडीत वाढवलेला हा जपानी पांढरा पाईन. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमात होता, स्फोटाच्या जागेपासून साधारण ३ किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेच्या भिंतीआड. भिंतीमुळे वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला आणि आजही तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात आहे. तो बॉम्बमधून वाचलाय हे तिथल्या लोकांना कळलं थेट २००१ मध्ये, यामाकींचे नातू त्याला बघायला आले तेव्हा. हे सांगून मी विचारायची, छळ केलेलं झाड चारशे वर्षं जगतं का? समोरचा गप्प व्हायचा. मी जिंकायचे.

हा युक्तिवाद मी आता करत नाही. त्याचं कारण जरा लांबलचक आहे.

आमच्या या नादातले एक काका. मुळं छाटायला मला त्यांनीच शिकवलं. ऐन उन्हाळ्यात ते अचानक आजारी पडले आणि हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. काकू रात्रंदिवस तिकडेच. गच्चीचं दार कोणी उघडलं नाही, आणि अशा वेळी ते सुचणार तरी कोणाला? कडक उन्हात उथळ ट्रे सकाळी भिजवला तर संध्याकाळी कोरडा होतो. मला बातमी कळली तोवर आठवडा उलटून गेला होता.

मी तिथे गेले तेव्हा काकांचा पुतण्या गच्ची आवरत होता. काकूंनी त्याला फोनवर सांगितलं होतं, वाळलेली काढून टाक, हिरव्यांना पाणी घाल. पोरगा मनापासून तेच करत होता. पानं गळालेला वड आणि चिंच कचऱ्याच्या पोत्यात, आणि सगळे जुनिपर, म्हणजे सुरूसारखी बारीक पानांची सदाहरित झाडं, ओळीने मांडून, नळाला पाइप लावून, छान भिजवलेले.

नेमकं उलटं झालं होतं. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो. काकांच्या सगळ्यात जुन्या जुनिपरवर त्यांनी साल सोलून पांढरं लाकूड उघडं ठेवलं होतं. जिवंत सालीची दोन बोटं रुंद पट्टी तेवढी पिळा घालत वर गेलेली. त्या पट्टीवर मी नखाने खरवडलं. खाली तपकिरी, कोरडं. शेंड्याची पालवी चोळली, तिला वास नव्हता. बारीक फांदी वाकवली, ती कट्कन हातात आली. मग पोत्यातून वड उपसला. अंगावर एक पान नाही, माती दगडासारखी. खोडावर नख मारलं तर आत ओला हिरवा रंग आणि त्यावर जमणारा पांढरा चीक.

"हा जिवंत आहे," मी म्हटलं.

"आणि हे?" त्याने पाइप जुनिपरांकडे केला.

मी सांगितलं. त्याने पाणी बंद केलं नाही. "काका रोज विचारतात," तो म्हणाला. "हिरवे आहेत असं सांगतो मी. खोटं तर नाही ना ते?"

दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. काकू म्हणाल्या, "सांग गं यांना, सगळं हिरवंगार आहे म्हणून." काका माझ्याकडे बघत होते. "चोळून बघितलंस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "वड वाचलाय." ते समजले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

काका बरे होऊन घरी आले. वडाला तोपर्यंत खोडातूनच नवे कोंब फुटले होते. तो घेऊन मी उत्साहाने त्यांच्याकडे गेले. त्यांनी हातात घेतला, फिरवून बघितला, चुकीच्या जागी आलेला एक कोंब सवयीने खुडला आणि परत माझ्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडे. आठवडाभर माझी पाठ फिरली तर ज्याचा जीव जातो, असं काही आता मी ठेवणार नाही." रिकामे ट्रे त्यांनी वाटून टाकले. आता त्यांच्या कुंपणाशी थेट जमिनीत लावलेली झाडं आहेत.

तारेबद्दल विचारणाऱ्यांना मी इतकी वर्षं गप्प करत आले. काकांना मात्र काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुमचा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो हे मी आजही म्हणेन. तार महिन्याभरात निघते. पण जमिनीतल्या झाडाला पाण्याच्या मागे खोल जाता येतं, आणि ती सोय आम्ही पहिल्याच छाटणीत सोटमुळासकट काढून टाकतो. त्याची जागा मग माणसाने घ्यायची, रोज, न चुकता. चारशे वर्षं तो पाईन जगला म्हणजे रोज कोणीतरी पाणी घालणारं होतं. हा त्या माणसांचा पुरावा झाला. झाडाला काय हवं होतं हे त्यातून कुठे कळतं?

लगेच माझ्यातली जुनी मी उसळून उठते. मग गाय पाळू नये, गुलाबाची कुंडी ठेवू नये? अवलंबून असणं हाच गुन्हा असेल तर घरात काय उरेल? तिचं म्हणणंही मला खोडता येत नाही. शिवाय सकाळी फवारा मारताना ओल्या मातीचा जो वास येतो, काडीएवढ्या फांदीला आणखी दोन फाटे फुटलेले दिसतात, त्यात मला जे मिळतं ते सोडायची माझी तयारी नाही. हा स्वार्थ आहे. असू दे.

टायमर लावलेलं ठिबक बसवलंय. शेजारच्या मुलीला माती बोटाने चाचपून बघायला शिकवलंय, आणि जुनिपरच्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही हेसुद्धा. प्रवासाला गेले की तिला इतके फोन करते की ती वैतागते. नवीन झाड घेणं बंद केलंय असं मी सगळ्यांना सांगते, काकांनाही सांगितलं. ते तितकंसं खरं नाही. त्यांच्या वडाची यंदा छाटणी केली तेव्हा निघालेल्या काड्यांपैकी दोन-तीन वाळूत खोचल्यात. वडाच्या काड्या सहज मुळं धरतात. धरली तर ती रोपं ट्रेमध्ये घ्यायची की काकांच्या कुंपणाशी नेऊन लावायची, यावरून माझं माझ्याशीच रोज भांडण चालू आहे.