बलगमी म्हणजेच कफप्रकृती का?

तुम्ही विचारलंत म्हणून. हकिमांनी ‘बलगमी मिजाज’ सांगितला, वैद्यांनी ‘कफप्रकृती’ म्हटलं, मग दोन्ही एकच ना? ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच खरं आहे.

आधी एक गैरसमज काढू. बलगमी माणूस म्हणजे सतत बेडके काढणारा नव्हे, आणि कफ सिरपातला ‘कफ’ तर इंग्रजीतला खोकला. मिजाज म्हणजे मिश्रण. आपल्याकडे त्याची ‘मिजास’ झाली ती पुढची गंमत. हकिमांचं यूनानी वैद्यक ग्रीकांकडून आलं आणि ग्रीकांच्या हिशेबात रक्त, बलगम, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव. त्यातला बलगम गार आणि ओला, त्याचा ऋतू हिवाळा. कफही गारच. पण आयुर्वेदात तो थंडीत साचतो आणि वसंतातल्या उन्हानं पातळ होऊन त्रास देतो. म्हणून वमन, म्हणजे औषधानं उलटी करवणं, वसंतात.

हकीम मिजाज दहा खुणांवरून ठरवतात. पहिली स्पर्श. हात गार, मऊ, किंचित दमट लागला तर बलगमी. यात चूक सहज होते: तपासणाऱ्याचाच हात गार असेल किंवा रोगी नुकताच उन्हातून आला असेल, तर स्पर्श खोटं सांगतो. म्हणून बाकीच्या खुणाही जुळाव्या लागतात: अंग थुलथुलीत, रंग फिका, केस विरळ, झोप भरपूर, नाडी मंद आणि मऊ, लघवी पांढुरकी, जेवल्यावर आंबट ढेकर. थोर हकीम इब्न सीनानं (९८०–१०३७) तर पाणी, नद्या, बर्फ, पाऊस यांची स्वप्नंही धरली आहेत. तहान कमी हवी. पण बलगम खारट झाला असेल तर ती उलट वाढते. नवशिके इथेच फसतात आणि ‘तहान आहे, म्हणजे पित्त’ म्हणून थंडाई सुचवतात. गारठ्यात आणखी गारठा!

खरा फरक पडतो तो माणसाची किंमत करताना. ग्रीक वैद्य गॅलेननं पिवळ्या पित्ताला बुद्धीची धार दिली, काळ्याला स्थैर्य, रक्ताला भोळेपणा; बलगमाचा स्वभाव घडवण्यात काही उपयोगच नाही, असं त्याचं मत. ‘सुस्त, थंड, कशाचंच सोयरसुतक नसलेला’ हे चित्र पुढच्या शतकांत रंगत गेलं. आयुर्वेदात नेमकं उलट. वाग्भटानं वात, पित्त, कफ या प्रकृतींना अनुक्रमे हीन, मध्यम, उत्तम म्हटलं. त्यांच्या वर फक्त समधातू, म्हणजे तिन्ही समतोल असलेली. चरकाचा कफप्रकृतीचा माणूस बलवान, धनवान, विद्यावान, शांत आणि दीर्घायुषी. हा कुठे आणि तो ऐदी बलगमी कुठे! दोघांची शरीरं सारखी दिसतील, पण पत्रिका वेगळ्या.

त्यामुळे हकिमांचं निदान वैद्यांच्या पथ्याला जोडू नका. यूनानीत बलगम आधी मुंजिजनं, म्हणजे दोष पिकवणाऱ्या औषधानं, पिकवतात, साधारण नऊ ते बारा दिवस, आणि मगच जुलाबानं काढतात. न पिकवता जुलाब दिला तर पातळ भाग निघून जातो आणि चिकट तिथेच बसतो.

आणि प्रकृती जन्माची असते. वजन, गारठा, झोप, चेहऱ्यावरची सूज हे सगळं गेल्या सहा महिन्यांतलं असेल, तर तो मिजाज नव्हे. आधी थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. मुंजिजचं नंतर बघू.