साहेबांना पाठवा म्हणाले

सोलरची बॅटरी घेतली असेल तर पुढचं वाचायच्या आधी उठा. वॉरंटी कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून बघा. मी जुळवला नव्हता. माझ्या कार्डावर शेवटून तिसरा आकडा ८ होता, बॅटरीवर ३. दुकानातल्या पोराने घाईत लिहिला असणार. त्या एका आकड्याने सुरुवात झाली आणि ३८ दिवस, सोलापूरचे सात हेलपाटे, एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

आम्ही अक्कलकोट रोडला, वळसंगच्या अलीकडे, सासऱ्यांच्या शेतात राहतो. दोन खोल्या, वर पत्रा. आधी शहरात भाड्याने होतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही रात्री-अपरात्री. मुलीचं लग्न झाल्यावर म्हटलं, आता कोणासाठी घागरी घेऊन जागायचं? शेतात वीज आणायला खांबांचा खर्च ऐकला आणि तो विषय तिथेच सोडला. माझा शिवणाचा धंदा आहे. मशीनची मोटर, दोन पंखे, चार दिवे आणि मोबाइल, एवढंच चालवायचं होतं.

३३५ वॅटची दोन पॅनेल, १५० एएचच्या (हे वीज साठवायचं माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे अधूनमधून पाणी घालायच्या बॅटऱ्या, पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा चार्ज कंट्रोलर आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. भाचा वायरमन आहे, त्याने दोन रविवारांत सगळं जोडून दिलं. वायर, स्टँड धरून ६८ हजार गेले. अनुदानाचं बरेच जण विचारतात. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत मिळतात ते मीटरला जोडलेल्या सोलरला. आपल्यासारख्या बिनमीटरच्या माणसाला त्यात काही नाही. पंखे मात्र बीएलडीसी घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा ३० च्या आत भागवतो. फ्रिज आमच्याकडे नाही, माठ आहे.

पाण्याचं गणित त्याहून सोपं. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचा पत्रा ५५ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला तरी २४ हजार लिटर खाली येतं. माझ्याकडे हजार लिटरच्या तीनच टाक्या, बाकीचं बोअरजवळच्या खड्ड्यात मुरतं. पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १५ लिटर, म्हणजे भरलेल्या टाक्या दोनशे दिवस जातात. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा, त्यामुळे जूनच्या दोन सरींवर घाबरून जाऊ नका. परतीच्या पावसात टाक्या भरल्या की एप्रिल अखेरपर्यंत काळजी नाही. मे महिन्यात जार आणते, खोटं कशाला सांगू. धुण्या-भांड्याला बोअरचं पाणी आहे, पण ते इतकं क्षाराचं की त्यात डाळ शिजत नाही. पावसाच्या पाण्यात तीच डाळ दोन शिट्ट्यांत लोणी होते.

हे सगळं वर्षभर बिनबोभाट चाललं. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातलाच इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला.

मला मापं लिहायची सवय आहे. ब्लाउजच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रोज सकाळी बॅटऱ्यांचे व्होल्ट लिहायचे. दोन्ही नेहमी १२.४, १२.५ असायच्या. त्या आठवड्यात एक तिथेच राहिली आणि दुसरी १०.६ वर आली. भाच्याला फोन केला तर म्हणाला, “मामी, हायड्रोमीटर आण, दीड-दोनशेला मिळतो.” आणला. बॅटरीतलं ॲसिडचं पाणी काचेच्या नळीत ओढून ते किती दाट आहे हे आतल्या काट्यावर वाचायचं, एवढंच. बॅटरीत सहा सेल, म्हणजे कप्पे. पाच सेल १२२० दाखवत होते, म्हणजे ठीक. सहाव्यात काटा तरंगायलाच तयार नाही, तळाला बसला. एक सेल मेला होता.

(हे करताना हातात धातूच्या पाटल्या नकोत आणि मंगळसूत्र पदराच्या आत खोचा. दोन टोकांना एकदम धातू लागला तर जी ठिणगी पडते ती मी पाहिली आहे. डोळ्याला चष्मा लावा, खायच्या सोड्याचं पाणी बाजूला ठेवा. जुनं पातळ नेसा, ॲसिडचा थेंब पडला की चौथ्या दिवशी तिथे भोक.)

वॉरंटी ३६ महिन्यांची, बॅटरी चौदा महिन्यांची. मला वाटलं, जायचं आणि बदलून आणायची.

पहिल्या खेपेला नुसतं कार्ड घेऊन एसटीने सोलापूरला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “बॅटरी आणा की ओ काकू.” बॅटरी पन्नास किलोच्या वर. दुसऱ्या खेपेला टेम्पो करून नेली, तर नंबर जुळेना. “ही आमच्याकडं नोंदच नाही. दुकानातून दुरुस्त करून आणा.” टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारतोय. बॅटरी तिथेच ठेवते म्हटलं तर नोंद नसलेली बॅटरी ठेवत नाहीत म्हणे. भाडं देऊन तशीच परत आणली. दुकानदाराने दोन दिवस “करतो की” म्हणत घालवले आणि तिसऱ्या दिवशी ८ खोडून ३ केला. तिथे सही, शिक्का आणि पक्क्या बिलाची प्रत असं तिन्ही मागून घेतलं. नुसती खाडाखोड चालत नाही, हे चौथ्या खेपेला कळलं असतं, पण मी आधीच ओळखलं. तेवढी अक्कल तोवर आली होती.

तिसऱ्या खेपेला बॅटरी ठेवून घेतली. आधी पूर्ण चार्ज करून मग टेस्ट, दोन दिवस लागतील. दोन दिवसांनी फोन केला तर चार्जिंगला जागा नाही. मग संक्रांत आली, मग “गड्ड्याच्या गर्दीत माणसं कमी आहेत, यात्रेनंतर या.” गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा. ती मलाही प्रिय आहे, लहानपणापासून अक्षता सोहळा चुकवलेला नाही. पण बॅटरीच्या चार्जरला यात्रेची सुट्टी असते हे नवीन होतं.

चौथ्या खेपेला आतून एक जण आला. बॅटरीकडे न बघता म्हणाला, “पाणी चुकीचं घातलंय. पावसाचं पाणी साठवता ना तुम्ही? क्लेम बसत नाही.” मीच कौतुकाने त्या काउंटरच्या मुलाला टाक्यांचं सांगितलं होतं. म्हटलं, दादा, पत्र्यावरून आलेलं पाणी बॅटरीला चालत नाही हे मला माहीत आहे, मी डब्यातलं डिस्टिल वॉटरच घालते. तर म्हणाला, “तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवा.”

आमच्या ह्यांना फ्यूज कुठला आणि एमसीबी कुठला हे आजही सांगता येत नाही. ह्यांचा त्यात काही दोष नाही, आवड नाही एवढंच. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर माझे हात थरथरत होते.

घरी एका बॅटरीवर दिवस चालले होते. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, त्याला १२ च्या दोन्ही बॅटऱ्या लागतात, म्हणून तो बंद. भाच्याने कंट्रोलर १२ व्होल्टवर घेऊन एक पॅनेल, दोन डीसी दिवे आणि एक पंखा एवढं चालू ठेवलं. मशीन पायाने मारत होते, लग्नसराईची कामं अंगावर. (कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, पॅनेल नंतर. काढताना आधी पॅनेल. उलटं केलं तर कंट्रोलर जळू शकतो.)

पाचव्या खेपेला ह्यांना घेऊन गेले. त्या माणसाने ह्यांच्याकडे तोंड करून सगळं पुन्हा सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “हिच्याशी बोला. मी फक्त उचलायला आलोय.”

मग मी वही उघडली. चौदा महिन्यांचे व्होल्ट, पाणी घातल्याच्या तारखा, डिस्टिल वॉटरची बिलं टाचणीने लावलेली. म्हटलं, सहाही सेलमध्ये एकाच डब्यातलं पाणी, एकाच दिवशी घातलंय. पाणी वाईट असतं तर सहाच्या सहा गेले असते. पाच चांगले आणि एकच कसा मेला? हायड्रोमीटर पिशवीतून काढला आणि त्याच्यासमोर सहा वेळा बुडवला. तो काही बोलला नाही. “वर पाठवतो” म्हणाला.

वर म्हणजे कुठे ते कळलं नाही. आठ दिवस फोन नाही, सहावी खेप फुकट. तेव्हा १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. पैसे लागत नाहीत. बिल, नंबर, तारखा विचारल्या, तक्रार क्रमांक मेसेजवर आला. तो काउंटरला कळवल्यावर चौथ्या दिवशी त्यांचाच फोन, “मॅडम, बॅटरी आलीय.” तोवर मी काकू होते. हा फोन मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता, पण नाकारल्याचं लेखी मागून मग करा, म्हणजे आणखी बरं.

नवीन बॅटरी आणली ती लगेच जुनीला जोडली नाही. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरल्या, मग जोडल्या. नाहीतर एक दुसरीला ओढत बसते. वॉरंटी मात्र जुन्याच तारखेची. बदलून मिळालेल्या बॅटरीला नव्याने ३६ महिने मिळत नाहीत, उरलेले २१ महिने तेवढेच. आणि उन्हाळ्यात पॅनेल जास्त देईल असं वाटतं, तसं नाही. पॅनेल तापलं की वीज कमी होते आणि आपल्याकडे मे महिन्यात ते हात लावू देत नाही. बॅटरीचं पाणीही तेव्हाच पटापट उतरतं, पंधरा दिवसांनी बघा. पॅनेल भल्या पहाटे पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

परवा बांधापलीकडच्या वहिनी त्यांच्या नव्या बॅटरीचं कार्ड दाखवायला आल्या. नंबर बरोबर होता, तारीख होती, शिक्का नव्हता. चहा ठेवला होता, पण म्हटलं आधी दुकानात जाऊन या, तीनची एसटी मिळेल.